मालक, नोकर आणि मध्यस्थ

शास्त्रपाठ : फिलेमोनाला पत्र (संपूर्ण), मत्तय १८:१५-१७, याकोब ५:१-६

फिलेमोनाला लिहिलेले पत्र अवघ्या पंचवीस वचनांचे आहे. आपल्या उपासनेत ते क्वचितच वाचले जाते, आणि वाचले गेले तरी क्षमा या विषयावर चार शब्द बोलून उपदेशक पुढे जातात. आम्ही ते येथे वेगळ्या बाजूने घेणार आहोत. मालक आणि त्याच्या घरी राबणारा माणूस यांचे बिघडले, माणूस निघून गेला आणि दोघांनाही ओळखणारा तिसरा मध्ये पडला, असा हा प्रकार आहे. कामगार न्यायालयात अनेक वर्षे वकिली करून आणि पुढे मध्यस्थ म्हणून बसून आम्हांला जे थोडेफार उमगले, त्यातले बरेचसे या पत्रात आधीच आहे. संडे स्कूलच्या शिक्षकांनी आपले शास्त्र उघडून पत्र एकदा सलग वाचावे व मग पुढचा भाग घ्यावा.

हा विषय मंडळीच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. आपल्या मंडळ्यांच्या आसपास शाळा आहेत, दवाखाने आहेत, वसतिगृहे आहेत. संस्थेचे चिटणीस पुढच्या बाकावर बसतात आणि निलंबित झालेला शिपाई मागच्या बाकावर. त्यांचा तंटा कचेरीत राहत नाही. तो प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत येतो. दोन घराणी, मग दोन गट, मग दोन ठिकाणी प्रार्थनासभा, हा क्रम आम्ही एकाहून अधिक गावी पाहिला आहे.

आणखी एक कारण कायद्याचे आहे. १९७८ साली बेंगळुरू पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ इतका व्यापक लावला की दवाखाने आणि शिक्षणसंस्थाही त्यात आल्या. म्हणून मिशन दवाखान्यातील कामगारालाही औद्योगिक विवादाच्या कायद्याखाली दाद मागता येई. शिक्षकांना मात्र ती वाट नव्हती. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली त्याच न्यायालयाने ठरवले की शाळा उद्योग असली तरी शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे. आता १९४७ च्या त्या कायद्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात पूर्णतः किंवा बहुतांशी धर्मादाय व सामाजिक सेवेत असलेल्या संघटनांच्या संस्था ‘उद्योगा’तून वगळल्या आहेत. वेतनाचे आणि ग्रॅच्युइटीचे कायदे राहिले आहेत. शिक्षकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मान्य केला. परंतु कामावरून काढलेल्या माणसाला सरकारी समेट अधिकाऱ्याकडे जाण्याची जी वाट होती, ती आपल्या पुष्कळ संस्थांपुरती अरुंद झाली. काही व्यवस्थापकांना याने हायसे वाटले असेल. आम्हांला तसे वाटत नाही. बाहेरचे दार अरुंद झाले की घरातल्या न्यायाची जबाबदारी वाढते.

आता पत्राकडे वळू. पौल तुरुंगात आहे. अनेसिम त्याच्याजवळ आहे, म्हणजे त्याची बाजू पौलाने पुरती ऐकली आहे. फिलेमोनाला तो जुना ओळखतो. मध्यस्थाला लागणारी पहिली गोष्ट हीच : दोघांचाही विश्वास. आठव्या व नवव्या वचनांत पौल सांगतो की आज्ञा करण्याचा अधिकार असूनही तो विनंती करीत आहे. हे निव्वळ सौजन्य नव्हे. हुकूम देणारा न्यायाधीश होतो. त्याच्या निकालाने एक जिंकतो व दुसरा हरतो, आणि हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच कचेरीत कामाला येतो. दोघांनी आपण होऊन कबूल केलेली गोष्ट अधिक टिकते.

अठरावे वचन शिक्षकांनी सावकाश घ्यावे. अनेसिमाकडून काही नुकसान झाले असेल किंवा काही येणे असेल, तर ते आपल्या खाती मांडावे, असे पौल लिहितो आणि पुढच्याच वचनात स्वतःच्या हाताने भरपाईची हमी देतो. पैशाचा प्रश्न त्याने झाकला नाही. आपल्याकडे मध्यस्थी करणारी भली माणसे नेमकी येथेच घसरतात. ती म्हणतात, “झाले गेले विसरा, प्रार्थना करू या, हस्तांदोलन करा.” सात महिन्यांचा पगार अडकलेल्या माणसाला हस्तांदोलनाने घरभाडे भरता येत नाही. कापणी करणाऱ्यांच्या अडकवलेल्या मजुरीबद्दल याकोब पाचव्या अध्यायात किती कठोर बोलतो, ते वर्गात वाचून दाखवावे आणि ते प्रभूच्या कानी जाते असे तो का म्हणतो, हे मुलांना विचारावे.

आमच्या पाहण्यातील एक प्रकरण सांगतो. गाव आणि संस्था सांगण्याचे कारण नाही. एका दवाखान्यात एकोणीस वर्षे काम केलेल्या परिचारिकेचा रात्रपाळीवरून अधीक्षकांशी वाद झाला, त्यांनी तिला निलंबित केले व सेवापुस्तकात उद्धटपणाचा शेरा मारला. तिने वकिलाची नोटीस पाठवली. मंडळीतील वडीलजनांनी दोघांना समोरासमोर बसवून समेट करण्याचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ती बाई काहीच बोलली नाही. “सिस्टरबाईंनाच समेट नको आहे,” असा निष्कर्ष निघाला.

आम्ही प्रथम दोघांना निरनिराळे भेटलो. बाई दोन तास बोलल्या. थकबाकी हवी होतीच, पण त्यांना खरा घोर त्या शेऱ्याचा होता. निवृत्तीला थोडी वर्षे उरली असता आपण उद्धट म्हणून बाहेर पडावे, हे त्यांना सहन होत नव्हते. समोरासमोर त्या गप्प राहिल्या, कारण ज्यांच्या हाती आपली भाकरी आहे त्यांच्यासमोर बोलायची त्यांना सवय नव्हती. अधीक्षकांचे दुःख वेगळे होते. रात्रपाळीला माणसे मिळत नव्हती आणि व्यवस्थापक मंडळ नवीन नेमणुका करीत नव्हते. नोटिशीत आपल्याला जुलमी म्हटले, हे त्यांना लागले होते. म्हणजे दोघे ज्यावर भांडत होते त्याचे मूळ तिसऱ्याच ठिकाणी होते. शेवटी मंडळाचे खजिनदार बैठकीला आले तेव्हा गाडी हलली. शेरा रद्द झाला, रात्रपाळीचा तक्ता महिनाभर आधी फलकावर लावायचे ठरले, थकबाकी दोन हप्त्यांत मिळाली आणि नोटीस मागे घेतली गेली. दोघांत मैत्री झाली असे मात्र नाही. एकमेकांना “जय ख्रिस्त” म्हणू लागले, इतकेच.

मत्तय अठराव्या अध्यायातील क्रम येथे नीट समजून घ्यावा. आधी एकट्याने जाणे, मग एकदोघांना बरोबर नेणे आणि मग मंडळीला सांगणे. तो क्रम बंधू आणि बंधू यांच्यासाठी सांगितला आहे. कचेरीत मात्र एकाच्या हाती दुसऱ्याची नोकरी असते. तेथे “आधी एकटी साहेबांकडे जा” हा सल्ला दुबळ्याला संकटात लोटू शकतो. कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायावरून दिसते की अनेसिम परत गेला तेव्हा तुखिक त्याच्याबरोबर होता. पौलाने त्याला एकटे धाडले नाही.

काही गोष्टी मध्यस्थीच्या नव्हेतच. स्त्रीच्या लैंगिक छळाची तक्रार मंडळीच्या बैठकीत मिटवू नये. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी त्यासाठी अंतर्गत समिती लागते. त्या कायद्यात समेटाची तरतूद आहे, पण ती पीडित स्त्रीने स्वतः मागितली तरच, आणि पैसे देऊन केलेला समेट तेथे चालत नाही. पाळकांनी तिला मदत करावी, सोबत जावे. “संस्थेचे नाव जाईल” असे म्हणून तिला थांबवू नये.

आपल्या देशातील एक जुने उदाहरण वडोद्याच्या वाचकांना जवळचे वाटेल. १९१८ साली अहमदाबादच्या गिरण्यांत प्लेगच्या काळातील बोनस बंद झाल्यावर मजुरांनी पगारवाढ मागितली. मालक २० टक्के देत होते. स्वतः बॅरिस्टर असलेल्या गांधीजींनी हिशेब तपासून ३५ टक्के रास्त मानले. मजुरांच्या बाजूला अनसूयाबेन साराभाई, मालकांच्या बाजूला त्यांचेच सख्खे बंधू अंबालाल. २२ फेब्रुवारीला गिरण्यांना टाळे लागले, १५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभले आणि १८ मार्चला समेट झाला. त्याची कलमे मोठी लक्षणीय आहेत. पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे मजुरांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय होईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. लवाद म्हणून प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव नेमले गेले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी ३५ टक्केच दिले. कोणालाही मान खाली घालावी लागू नये म्हणून एका दिवसाची सोय करण्यात चातुर्य आहे, आणि दयाही आहे.

तथापि गांधीजी तेथे मध्यस्थ नव्हते, ते मजुरांचे पुढारी होते. मालक त्यांचे स्नेही असल्यामुळे उपोषणाचा दाब त्यांच्यावर पडला, हा दोष त्यांनी स्वतः नमूद केला आहे. म्हणूनच लवाद तिसरा माणूस होता. आपल्या पाळकांनीही हे पारखावे. संस्था ज्यांना पगार देते त्या पाळकांना त्याच संस्थेच्या तंट्यात मधे बसणे कठीण असते. अशा वेळी दुसऱ्या गावचा वडील किंवा निवृत्त मुख्याध्यापक बोलवावा.

गुप्ततेविषयी थोडे. पौलाने हे पत्र फिलेमोनाच्या घरातील मंडळीलाही उद्देशून लिहिले, तरी त्यात अपराधाचा तपशील नाही. जे आहे ते ‘जर’ लावून आहे. आपल्याकडे बैठकीत ऐकलेली गोष्ट बुधवारच्या सभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून फिरते. मध्यस्थाने ऐकलेले त्याच्या पत्नीलाही कळू नये.

ठरलेले सर्व लेखी असावे. रक्कम किती, कोणत्या तारखेला, कोण देणार, कोणता शेरा कोठून काढणार. बेळगावकडे कागद पुष्कळदा कानडीत किंवा इंग्रजीत होतात आणि सही करणारा मराठी वाचणारा असतो. त्याला वाचता येईल अशा भाषेत प्रत द्यावी. बोलणी लांबवून मुदत घालवू नये. जेथे नवी संहिता लागू आहे तेथे वाद उद्भवल्यापासून दोन वर्षे उलटल्यावर समेट अधिकारी तो हाती घेऊ शकत नाही. वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे दोन्ही बाजूंचे सारखे सभासद असलेली तक्रार निवारण समिती संहितेने आवश्यक केली आहे. आपल्या वगळलेल्या संस्थांनी अशी समिती आपणहून नेमण्यास कोणाचीच हरकत नसावी.

बाविसाव्या वचनात पौल फिलेमोनाला आपल्यासाठी उतरण्याची जागा तयार ठेवायला सांगतो. वाचक ते पाहुणचाराचे वचन समजून सोडून देतात. आम्हांला त्यात मध्यस्थाची शेवटची पायरी दिसते : तो येऊन पाहणार आहे. वर उल्लेखिलेल्या प्रकरणात तीन महिन्यांनी आम्ही दवाखान्यात गेलो, तेव्हा दुसरा हप्ता दिलेला होता, पण फलकावर तक्ता नव्हता. तो त्याच दिवशी लागला.

शिक्षकांसाठी : मोठ्या मुलांच्या वर्गात दोन गट करावेत. एका गटाने फिलेमोनाचे पौलाला उत्तर लिहावे, दुसऱ्याने अनेसिमाचे. अनेसिमाची बाजू शास्त्रात त्याच्या शब्दांत कोठेच आलेली नाही, हे आधी सांगू नये. पत्र लिहिताना मुलांच्या ते आपोआप ध्यानात येते. नंतर विचारावे की तो परत जाताना घाबरला असेल का, आणि तुखिकाने वाटेत त्याला काय सांगितले असेल.