पोराला दुकान घालून देण्याआधी



उसाचं बिल जमा झालं की घरोघर एक विषय निघतो. थोरला शेती बघतो, धाकट्याला दुकान घालून द्यायचं. बाप विचारतो, "भांडवल किती लागंल?" प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न असा, की पोराला धंद्याचा हिशेब येतो का?

अमेरिकेत याचं रीतसर शिक्षण 'कम्युनिटी कॉलेजां'त मिळतं. इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली निघालेलं कॉलेज हे त्यांतलं आद्य मानलं जातं. दोन वर्षांची पदवी किंवा त्याहून लहान प्रमाणपत्र, प्रवेशाच्या अटी सोप्या, आणि दिवसा काम करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग. तिथल्या लघुउद्योगाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला आपल्या धंद्याचा आराखडा कागदावर मांडायला शिकवतात. गिऱ्हाईक कोण, माल कुठून आणणार, खर्च किती, पैसा परत कधी येणार, हे सगळं आधी लिहायचं. चूक व्हायची ती कागदावर होऊ द्यावी, तिथं ती स्वस्तात पडते.

त्यातले तीन धडे आपल्या भाषेत पाहू. समजा, पोराने पशुखाद्य आणि शेतीमालाचं दुकान काढलं.

धडा पहिला : ना नफा ना तोटा

गाळ्याचं भाडं ६,००० रुपये, मदतनिसाचा पगार ९,०००, वीज व फोन १,५००, कर्जाचं व्याज ३,५००. महिन्याला एकूण २०,००० रुपये. दुकान उघडा की बंद ठेवा, हा खर्च चुकत नाही. शंभराच्या विक्रीत १० रुपये सुटतात असं धरलं, तर नुसता खर्च भागायला महिन्याला २ लाखांची विक्री हवी. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजची सुमारे ७,७०० रुपये. आता गावात किती गोठे आहेत, आधीची दुकानं किती आहेत, ते मोजा. एवढी विक्री होईल का, याचं उत्तर तिथंच मिळेल.

धडा दुसरा : आपली मजुरी धरा

पोरगा दिवसभर गल्ल्यावर बसतो, त्याचे महिन्याला १२,००० रुपये तरी धरा. खर्च झाला ३२,०००, आणि विक्री लागेल ३ लाख २० हजार. घरच्या माणसाचे कष्ट फुकट धरायची आपल्याला शेतीपासूनची सवय. तीच दुकानात नेली की तोट्यातला धंदाही फायद्यात दिसतो.

धडा तिसरा : नफा वेगळा, रोकड वेगळी

पुष्कळ दुकानं इथंच बसतात. पोराने महिन्याला ३ लाख २० हजारांची विक्री केली, पण निम्मी उधार, "बिल आल्यावर देतो" या बोलीवर. हातात आले १ लाख ६० हजार. तेवढाच माल पुन्हा रोखीने भरायला २ लाख ८८ हजार हवेत, वर खर्चाचे २०,०००. म्हणजे दरमहा १ लाख ४८ हजारांची ओढ. वसुली चार महिने लांबली तर खड्डा जवळजवळ ६ लाखांचा! वहीत नफा आणि गल्ल्यात खडखडाट. अशा वेळी सावकार आठवतो, आणि पुढं जमिनीचा उतारा बाहेर निघतो.

हे आपल्याला नवीन नाही. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो, तोवर खत, पाणी, मजुरी आपणच घालतो. दुकानाच्या उधारीलाही तसंच खेळतं भांडवल लागतं. ते आधी बाजूला काढलेलं नसेल तर उधारीला मर्यादा घाला. नातेवाईक रुसले तरी चालतील.

रोजकीर्द रोज लिहा. दुकानाचा पैसा आणि घराचा पैसा वेगळा ठेवा. घरी साखर नेली तरी तिची नोंद झाली पाहिजे.

शिकायला अमेरिकेला जायची गरज नाही. उद्योजकता प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ साली स्थापन झालं. काम सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. आपल्या सहकाराचा इतिहासही हेच सांगतो. १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि धनंजयराव गाडगिळांचं अर्थशास्त्र एका ठिकाणी आल्यामुळे. नुसत्या जिद्दीवर बॉयलर पेटत नाही.

घरचा अभ्यास : आज रात्री पोराला, आणि सुनेला किंवा लेकीलाही, समोर बसवा. कोऱ्या कागदावर चार उत्तरं लिहून घ्या.

१. दरमहा न चुकणारा खर्च किती?
२. शंभराच्या विक्रीत सुटतात किती?
३. मग रोजची विक्री किती हवी?
४. उधारी किती, आणि किती दिवसांची?

चारही उत्तरं आली तर बिलातून खुशाल पैसे द्या. एक जरी अडलं, तर आधी वर्गाची फी भरा, गाळ्याचं डिपॉझिट नंतर.