सरोजिनी नगर ते मुक्तेश्वर: गाडीचा खरा हिशोब

पुण्या-मुंबईचे मित्र लखनौला आले की दुसऱ्या दिवशीच विचारतात, "इथून डोंगर किती लांब?" उत्तर आहे सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. सीतापूर, शाहजहाँपूर, बरेली, बहेडी, किच्छा, हल्द्वानी आणि मग कुमाऊँचा घाट. थांबे धरून दहा-अकरा तास. पहाटे पाचला निघा म्हणजे घाट उजेडात पार होईल.

कधी जाल? मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दरडी कोसळतात. डिसेंबर-जानेवारीत मैदानी भागात धुकं असतं, तेव्हा पहाटे निघू नका. वाटेत बरेलीत मुक्काम करा. 15 जूनला कैंची धामचा मेळा असतो, ते दोन-तीन दिवस भवालीची वाट टाळा.

कुठून निघाल? सरोजिनी नगर लखनौच्या दक्षिण टोकाला आहे आणि सीतापूर रोड उत्तरेला. शहरात शिरू नका. बंथराकडून किसान पथ धरा.

टॅक्सीचा खर्च. फोनवर फक्त किलोमीटरचा दर सांगतात. बाहेरगावच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान 250 किलोमीटर लावतात, गाडी चालो वा उभी राहो. दर 15 रुपये आणि ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला 400 धरा. चार दिवसांचे 1,000 किलोमीटर म्हणजे 15,000, भत्ता 1,600, त्यावर 5 टक्के जीएसटी 830. एकूण 17,430. टोल आणि पार्किंग वेगळं. मुक्तेश्वरला एक दिवस नुसतं बसून हिमालय पाहिलात, तर उभ्या गाडीचे जीएसटी धरून आणखी 4,357 रुपये!

ठरवण्याआधी चार गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या:
- किलोमीटर कुठून मोजणार? गाडी चिनहट किंवा जानकीपुरमसारख्या शहराच्या दुसऱ्या भागातून येत असेल, तर गॅरेजपासून तुमच्या दारापर्यंतचं अंतर जाता-येता तुमच्याच बिलात चढतं.
- रात्रीचा भत्ता किती वाजल्यापासून?
- घाटात एसी चालू राहील का?
- 'स्टेट टॅक्स' कोण भरणार? गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट असेल तर उत्तराखंडचा वेगळा कर लागत नाही. नसेल तर तो परिवहन पोर्टलवर भरता येतो आणि पावती मिळते. पावतीशिवाय रोख देऊ नका.

सामान विसरू नका. सात सीटर गाडीत सातजण बसले की बॅगा टपावर जातात. कॅरियर आहे का, विचारा.

स्वतः चालवायची असेल तर नंबरप्लेट पाहा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे सेल्फ-ड्राइव्हची कायदेशीर गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात भाड्याने मिळते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. अनामत किती, परत कधी, किलोमीटरची मर्यादा किती, टायर-काच विम्यात आहे का, हे आधी विचारा. ताबा घेताना गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा.

घरची गाडी असेल तर 950 किलोमीटर, 15 चं ॲव्हरेज आणि 95 रुपयांचं पेट्रोल धरून 6,000 च्या आसपास. घाटात ॲव्हरेज पडतं, हजारभर जास्त ठेवा. फास्टॅग भरलेला हवा. नाहीतर यूपीआयने सव्वापट टोल. फास्टॅगचा वार्षिक पास (2025 मध्ये 3,000 रुपयांना होता) फक्त खासगी गाड्यांना चालतो, भाड्याच्या नाही.

कागदपत्रं. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकरमधली प्रत चालते. हॉटेलसाठी प्रत्येकाचं ओळखपत्र.

सोपी वाट. रात्रीच्या रेल्वेगाडीने काठगोदामला जा, पुढची टॅक्सी तिथेच घ्या. उभ्या गाडीचे पैसे वाचतात, कोणी पेंगत चालवतही नाही. बाघ एक्सप्रेस लखनौवरून काठगोदामला जाते. मध्यरात्रीच्या आसपासच्या गाडीची तारीख दोनदा तपासा. 'लखनौ' आणि 'लखनौ जंक्शन' ही शेजारी शेजारी असलेली दोन वेगळी स्टेशनं आहेत. तिकिटावरचं नाव नीट वाचा.

डोंगरात. नैनिताल गावात जायचंच असं नाही. काठगोदामहून भीमताल, भवाली, रामगढमार्गे मुक्तेश्वर, हाच खरा देखणा रस्ता. नैनितालला टोल आणि पार्किंग वेगळं पडतं, आणि हंगामात गाड्या रूसी बायपास किंवा नारायणनगरला अडवून शटलने पाठवतात. हॉटेलची पार्किंग आहे, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या.

बिल. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे, 12 नाही. जेवणावरचा सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा.

आणि मित्रांशी पैशांचं निघण्याआधी बोला. पेट्रोल, टोल, खोल्या एका जागी लिहा. पाहुणे आहेत म्हणून तुम्ही गप्प बसता, तुम्ही बोलत नाही म्हणून ते, आणि परतल्यावर टोलचे मेसेज तुमच्याच फोनवर राहतात.