मुहर्रकच्या भिंती आणि माझी चित्रवही

चित्र काढायला मी बहारीनमध्ये शिकले, चाळिशीनंतर. बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ सालच्या पुस्तकातला अभ्यासक्रम समोर ठेवला: आधी कडा, मग रिकाम्या जागा, मग प्रमाण, मग छायाप्रकाश आणि शेवटी या सगळ्यांचं मिळून एक चित्र. त्या वाटेवर जे उमगलं, ते नव्याने पेन्सिल धरणाऱ्यांसाठी.

१. क्रम मोडू नका. शेडिंगचा मोह सगळ्यांनाच होतो. पण आकार चुकला असेल तर वरची छटा कितीही सुरेख असो, चित्र वाकडंच दिसतं. असं पायरीपायरीने शिकायला वय आडवं येत नाही. व्हॅन गॉग १८८० मध्ये, सत्ताविशीत, चित्रकार व्हायचं ठरवून बसला आणि शार्ल बार्ग यांच्या धड्यांतली चित्रं पुन्हापुन्हा उतरवत राहिला.

२. एकदा तरी चित्र उलटं ठेवून काढा. एडवर्ड्स यासाठी पिकासोचं १९२० मधलं स्ट्राविन्स्कीचं रेखाचित्र देतात. उलटं धरलं की नाक, बोटं, खुर्ची ही ओळखच पुसते आणि आपण निमूटपणे रेघेच्या मागे जातो.

३. वस्तूभोवतीची जागा काढा. माझा सर्वांत आवडता धडा हाच, आणि त्यासाठी दल्ल्यासारखी वस्तू नाही. दल्ला म्हणजे इथली लांब चोचीची अरबी कॉफीची किटली. तिची मूठ आणि पोट यांच्यामध्ये एक पोकळ आकार सापडतो. आपल्याला ‘मूठ अशी असते’ हे आधीच ठाऊक असतं, म्हणून मूठ आपण पाठ असलेली काढतो. त्या पोकळीबद्दल मात्र मनात काहीच ठरलेलं नसतं, त्यामुळे ती नीट बघावीच लागते. ती जमली की मूठ आपोआप जागेवर येते. शेजारी फिंजान, म्हणजे बिनकानाचा कॉफीचा कप ठेवला, तर त्याच्या तोंडाचा लंबगोलही गिरवून होतो.

४. मोजा. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलवर अंगठा. इथल्या मुहर्रक शहरातल्या शेख ईसा बिन अली यांच्या वाड्याचा वारा खेचणारा मनोरा यासाठी उत्तम. त्याची रुंदी हेच माप धरायचं आणि ती उंचीत किती वेळा बसते ते बघायचं. अंदाजावर विसंबलं की मनोरा हमखास बुटका होतो.

५. उजेडाची वेळ निवडा. बहारीन कर्कवृत्ताच्या थोडं उत्तरेला आहे. जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. चुन्याच्या पांढऱ्या भिंती सपाट दिसतात, सावली पायाशी गोळा होते आणि उभं राहवतही नाही. डिसेंबरात तोच सूर्य मध्यान्हीलाही जेमतेम चाळीस अंशांवर असतो. गच्चीचे कठडे, दारांची कोरीव चौकट, सगळ्यांची सावली भिंतीवर लांब पडते. छायाप्रकाशाचा धडा मी म्हणूनच हिवाळ्यासाठी राखून ठेवते.

६. सामान थोडंच घ्या: एचबी, २बी, ६बी आणि मळता येणारं खोडरबर.

७. चेहऱ्यात डोळे डोक्याच्या मध्यावर येतात. नवशिके ते फार वर काढतात, कारण कपाळाकडे आणि केसांखालच्या डोक्याकडे लक्षच जात नाही. सरावासाठी राजधानी मनामाच्या बाजारात बसायला हरकत नाही, पण समोरच्याला आधी विचारा. तिथे हिंदी चालतं. होकार मिळाला की माणूस बराच वेळ स्थिर बसतो आणि कागद बघायलाही मागतो. तो जरूर दाखवा.