एका आडनावाचा प्रवास

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागाचा नकाशा समोर ठेवून बसले म्हणजे एकच नाव डोळ्यांपुढे पुनःपुन्हा येऊ लागते. सिडनीच्या पश्चिमेचे डोंगर ओलांडल्यावर मॅक्वॉरी नदी लागते. ही नदी सपाटीवर उतरून ज्या विस्तीर्ण पाणथळीत पसरते, त्या पाणथळीचे नावही मॅक्वॉरीच. सिडनीच्या उत्तरेस समुद्राला लागून मॅक्वॉरी सरोवर आहे आणि त्याच किनाऱ्याने आणखी वर गेले म्हणजे पोर्ट मॅक्वॉरी हे शहर येते. टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावर मॅक्वॉरी बंदर आहे. सिडनीत मॅक्वॉरी रस्ता, मॅक्वॉरी चौक आणि मॅक्वॉरी दीपगृह आहे. १९६४ साली तेथे स्थापन झालेल्या विद्यापीठाला मॅक्वॉरीचेच नाव देण्यात आले, १९८१ साली निघालेल्या ऑस्ट्रेलियन इंग्रजीच्या कोशालाही तेच मिळाले आणि एका मोठ्या बँकेनेही तेच घेतले. नदीतील जलचरही यातून सुटले नाहीत. तेथील एका माशाला व एका कासवाला प्राणिशास्त्रज्ञांनी नदीवरून तेच नाव बहाल केले आहे.

इतक्या ठिकाणी विखुरलेले हे नाव ऑस्ट्रेलियाच्या मातीतले नाही. मुळात ते इंग्रजीही नाही. ते आहे गेलिक भाषेतील एक आडनाव. स्कॉटलंडच्या वायव्येकडील डोंगराळ मुलुखात आणि बेटांवर शतकानुशतके गेलिक बोलली गेली. आयर्लंडच्या भाषेची ती सख्खी बहीण होय. गेलिकमध्ये ‘मॅक’ म्हणजे पुत्र. आपल्याकडे पुष्कळ आडनावे गावावरून पडली. गेलिक लोकांची पुष्कळ आडनावे पूर्वजावरून पडली. मुलीच्या आडनावात मात्र ते ‘मॅक’ म्हणत नाहीत, ‘निक’ म्हणतात. इंग्रजी कागदपत्रांत हा भेद पुसला गेला आणि लेकीसुनाही ‘पुत्र’ होऊन बसल्या!

मॅक्वॉरी म्हणजे ‘गुआइरे’ नावाच्या पुरुषाचा वंशज. ‘गुआइरे’ या जुन्या नावाचा अर्थ थोर किंवा मानी असा करतात. आयर्लंडच्या जुन्या कथांत दानशूर म्हणून गाजलेला सातव्या शतकातील एक राजा याच नावाचा होता. परंतु मॅक्वॉरी कुळाची परंपरा आपला मूळपुरुष निराळा मानते. मॅकिनन कुळाचा जो आद्य पूर्वज फिंगन, त्याचा हा भाऊ, असे ती सांगते. ‘मॅक’ आणि ‘गुआइरे’ हे दोन शब्द जोडून उच्चारताना ‘क’ आणि ‘ग’ एकमेकांत मिसळले. इंग्रजी लेखनिकांनी त्या उच्चारासाठी ‘क्यू’ हे अक्षर योजिले आणि आजचे रूप सिद्ध झाले.

या कुळाचे घर म्हणजे उल्वा नावाचे एक लहानसे बेट. स्कॉटलंडच्या पश्चिमेस मल नावाचे मोठे बेट आहे; त्याच्या कुशीत, केवळ एका अरुंद खाडीने वेगळे झालेले हे उल्वा. कुळाचा नायक तेथेच राहत असे. १७७३ च्या ऑक्टोबर महिन्यात इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन आणि त्याचा चरित्रकार बॉस्वेल हे हेब्रिडीज बेटांच्या प्रवासात त्याच्या घरी एक रात्र उतरले होते. नायकाच्या कुळाची प्रतिष्ठा जुनी होती. तिजोरी मात्र रिकामी होती. अखेर १७७७ साली कर्जापायी त्याला वडिलोपार्जित बेट विकावे लागले. साठी उलटलेल्या या पुरुषाने त्यानंतर पोटासाठी सैन्यात अधिकारपद पत्करले. ज्या वयात माणसे शेकोटीजवळ बसून नातवंडांना गोष्टी सांगतात, त्या वयात त्याने कमरेला तलवार लावली! त्याच्यानंतर या कुळाला नायक उरला नाही.

याच उल्वावर १७६२ साली लॅक्लन मॅक्वॉरी याचा जन्म झाला. तो शेवटच्या नायकाच्या भाऊबंदांपैकी. पण घरची स्थिती सामान्यच होती. बेटावर राहून पोट भरण्याजोगे काही उरले नव्हते. अनेक हायलंडर तरुणांप्रमाणे त्यानेही कोवळ्या वयात ब्रिटिश सैन्याची वाट धरली. प्रथम तो अमेरिकेत गेला आणि पुढे ७७ व्या पलटणीबरोबर १७८८ साली मुंबईस उतरला.

मुंबईने त्याला पुष्कळ काही दिले आणि एक मोठे दुःखही दिले. येथेच १७९३ साली वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटाच्या जेन जार्विस हिच्याशी त्याचा विवाह झाला. संसार जेमतेम तीन वर्षांचा ठरला. जेनला क्षयाने ग्रासले. हवापालट व्हावा म्हणून तिला चीनच्या बाजूस नेले. परंतु १७९६ साली मकाव येथे तिचा अंत झाला. शोकाकुल मॅक्वॉरीने तिचा देह तेथे ठेवला नाही. तो जहाजाने मुंबईस आणून त्याने येथील भूमीत पुरला. श्रीरंगपट्टणच्या १७९२ आणि १७९९ या दोन्ही मोहिमांत तो होता. हिंदुस्थानातील नोकरीत त्याच्या गाठी पैसा जमला. त्या पैशांतून त्याने मल बेटावर जमीन घेतली आणि तिचे नाव ठेवले ‘जार्विसफील्ड’, म्हणजे जार्विसचे शेत. स्वतःच्या कुळाची भूमी हातची गेली होती. जी नवी मिळाली, तिला त्याने मृत पत्नीच्या माहेरचे नाव दिले.

याच काळातील आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १७९५ साली मॅक्वॉरीने कोचीनच्या गुलामांच्या बाजारातून दोन लहान मुलगे विकत घेतले. त्यांपैकी एकाला ‘जॉर्ज’ असे नाव मिळाले आणि आडनाव मिळाले ‘जार्विस’. हा जॉर्ज जार्विस मॅक्वॉरीच्या अखेरपर्यंत त्याच्याबरोबर राहिला. त्याच्याबरोबर सिडनीस गेला आणि स्कॉटलंडासही गेला. मॅक्वॉरीचा त्याच्यावर जीव होता, असे त्याच्या रोजनिशीवरून दिसते. तरीही आईबापांनी ठेवलेल्या नावाने त्या मुलाला पुन्हा कोणी हाक मारली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील हकीकत अधिक चांगली समजेल.

१८०७ साली मॅक्वॉरीने एलिझाबेथ कॅम्बेल हिच्याशी दुसरा विवाह केला आणि १ जानेवारी १८१० रोजी न्यू साऊथ वेल्सच्या गव्हर्नरपदाची सूत्रे हाती घेतली. ही वसाहत त्या वेळी मुख्यतः ब्रिटनहून हद्दपार केलेल्या कैद्यांची होती. रस्ते ओबडधोबड होते आणि चलनी नाण्यांचा तर पुरता दुष्काळ होता. मॅक्वॉरीने ४०,००० स्पॅनिश रुप्याची नाणी मिळविली. ही नाणी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून त्याने १८१३ साली एक नामी युक्ती केली: प्रत्येक नाण्याचा मधला भाग ठोकून वेगळा काढला. बाहेरचे कडे पाच शिलिंगांचे आणि मधली टिकली पंधरा पेन्सांची झाली. एका नाण्याची दोन झाली आणि ती वसाहतीबाहेर चालेनाशी झाली! हे काम ज्याच्याकडे सोपविले, तो विल्यम हेन्शॉल खोटी नाणी पाडल्याबद्दल शिक्षा भोगण्यासाठी तेथे आलेला होता. पुढे मॅक्वॉरी बँकेने हेच भोकाचे नाणे आपले बोधचिन्ह केले.

शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला समाजात पुन्हा मानाचे स्थान मिळाले पाहिजे, असे मॅक्वॉरीचे मत होते. अशा काही जणांना त्याने न्यायाधिकाऱ्याच्या जागी नेमिले आणि आपल्या मेजावर जेवावयास बोलाविले. पहिले मॅक्वॉरी दीपगृह ज्याने बांधिले, तो फ्रॅन्सिस ग्रीनवे हा स्थापत्यकार खोट्या दस्तऐवजाच्या गुन्ह्याबद्दल हद्दपार होऊन आला होता. प्रतिष्ठित वसाहतवाल्यांना हे रुचले नाही. त्यांच्या तक्रारी लंडनपर्यंत गेल्या, चौकशीसाठी बिग नावाचा आयुक्त आला आणि त्याचे अहवाल मॅक्वॉरीला प्रतिकूल निघाले.

गव्हर्नराचे नाव गावोगाव कसे पसरले, हे आता पाहावयाचे आहे. काही नावे त्याने स्वतःच ठेविली. त्याला नावे ठेवण्याची हौसच होती म्हणावयास हरकत नाही. ‘ऑस्ट्रेलिया’ हे नाव खंडाला अधिकृतपणे द्यावे, अशी शिफारसही त्यानेच १८१७ साली केली. परंतु नकाशावरील बरीचशी नावे इतरांनी दिली. इव्हान्स या मोजणीदाराने १८१३ साली एका नदीला गव्हर्नराचे आडनाव दिले आणि १८१५ साली दुसरीला त्याचे पाळण्यातले नाव देऊन ती ‘लॅक्लन नदी’ केली. ऑक्स्लीने १८१८ साली पोर्ट मॅक्वॉरी हे नाव ठेविले. अधिकाऱ्याची मर्जी संपादण्याचा याहून स्वस्त उपाय कोणता असणार? तथापि सरोवराचे नाव १८२६ साली पडले. त्या वेळी मॅक्वॉरी जिवंतही नव्हता. पत्नीलाही वाटा मिळाला. तिच्या माहेरच्या आडनावावरून कॅम्बेलटाऊन वसले आणि तिच्या स्कॉटलंडमधील गावावरून सिडनीच्या नैर्ऋत्येकडील एका भागाला ॲपिन हे नाव मिळाले.

या सर्व जागा निर्नामिक नव्हत्या. मॅक्वॉरी नदीला तिच्या काठचे विराजुरी लोक ‘वाम्बूल’ म्हणत आले होते. लॅक्लनला ते ‘गलारी’ म्हणत. मॅक्वॉरी सरोवर हे तेथील मूळच्या लोकांचे ‘अवाबा’. या शब्दाचा अर्थ सपाट पृष्ठभाग असा सांगतात आणि वारा पडलेल्या दिवशी सरोवर पाहणाऱ्याला तो सहज पटेल. ॲपिनची कहाणी तर अधिक कटू आहे. वसाहतवाले आणि मूळचे रहिवासी यांच्यातील झगडा वाढला, तेव्हा १८१६ साली मॅक्वॉरीने सैन्याच्या तुकड्या धाडल्या. एप्रिलमध्ये एका रात्री सैनिकांनी ॲपिनजवळ धारावल लोकांच्या तळावर गोळीबार केला. पळताना काही जण दरीच्या कड्यावरून कोसळले. निदान चौदा माणसे मेली; त्यांत स्त्रिया व मुलेही होती. पत्नीच्या गावची आठवण म्हणून ठेवलेले गोड नाव त्या भूमीच्या मूळ लेकरांना या रात्रीची आठवण देते. सुटलेल्या कैद्याला पंक्तीस बसविणारा आणि ही फौज पाठविणारा गव्हर्नर एकच होता.

केवळ एका ठिकाणी या नावाखाली दुसरे नाव दडलेले नाही, ते म्हणजे मॅक्वॉरी बेट. टास्मानियापासून सुमारे १,५०० किलोमीटर दूर, न्यूझीलंड आणि अंटार्क्टिका यांच्या मधोमध असलेले हे बेट सुमारे ३४ किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद आहे. १८१० साली सीलची शिकार करणाऱ्या हॅसलबरोला ते सापडले. तेव्हा तेथे मनुष्यवस्ती नव्हती. पेंग्विन आणि सील होते, आणि शिकाऱ्यांनी कातड्यासाठी व तेलासाठी त्यांचा भयंकर संहार केला. पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरणाचे खडक समुद्रपातळीच्या वर उचलले गेलेले येथे पाहावयास मिळतात. या वैशिष्ट्यामुळे १९९७ साली त्याची जागतिक वारशात गणना झाली. शिकाऱ्यांच्या गलबतांबरोबर आलेले उंदीर आणि ससे यांनी तेथील गवत व पक्ष्यांची घरटी उद्ध्वस्त केली होती. त्यांचे निर्मूलन पूर्ण झाल्याचे २०१४ साली जाहीर झाले.

गव्हर्नरपद सोडून मॅक्वॉरी स्वदेशी परतला आणि १८२४ साली लंडनमध्ये वारला. मल बेटावर ग्रूलीन येथे त्याची समाधी आहे. स्कॉटलंडच्या भूमीवरील ही समाधी न्यू साऊथ वेल्सच्या नॅशनल ट्रस्टच्या मालकीची आहे.

समाधीपासून थोड्याच अंतरावर उल्वा बेट आहे. नकाशावर मॅक्वॉरी हे नाव पसरत होते, त्याच शतकात हे मूळ घर रिकामे होत गेले. किनाऱ्यावरील समुद्रशेवाळ जाळून क्षार काढण्याचा धंदा तेथे चालत असे, तो बुडाला. १८४६ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ आला. नव्या जमीनदाराला मेंढ्यांसाठी कुरणे हवी होती. त्याने कुळांना घराबाहेर काढण्यास आरंभ केला. १८३७ साली सुमारे ६०० माणसांची वस्ती असलेल्या या बेटावर १८४८ साली सुमारे १५० माणसे उरली. कित्येक कुटुंबे सातासमुद्रापलीकडे गेली. २०१८ साली बेटावर दहा माणसेही राहत नव्हती. त्या वर्षी मल बेटावरील लोकांनी एकत्र येऊन ते विकत घेतले आणि पुन्हा वस्ती वाढविण्याच्या खटपटीस लागले.

ओर्मेग नावाच्या वाडीत छप्पर नसलेल्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. बेटावर जावयाचे तर होडीतून खाडी ओलांडावी लागते. अलीकडच्या धक्क्यावर एक फळी आहे. ती बाजूला सरकविली की तिच्यामागील तांबडा रंग दिसू लागतो आणि पलीकडून नावाडी होडी घेऊन येतो.