९ ऑगस्ट : फळ्यावर कोणाचे नाव?



आपल्या चर्चच्या ओट्यावर एक काळा फळा टांगलेला आहे. मिस्सेच्या वेळा, दिवसाची वाचने आणि सर्वांत खाली एका ओळीचा 'दिनविशेष', असा त्याचा नेम. लिहिण्याचे काम युवक संघाची मुले आळीपाळीने करतात. काही वर्षांपूर्वी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या एका ओळीवरून भांडण जुंपले. एकाने '९ ऑगस्ट, क्रांतिदिन' असे लिहिले. एका मुलीने ते पुसून 'संत एडिथ स्टाईन यांचा सण' असे लिहिले. तिसऱ्याने दोन्ही पुसले आणि 'नागासाकी' एवढा एकच शब्द लिहिला. तिघांचेही बरोबर होते, म्हणून तर भांडण मिटेना. अक्षर बारीक काढा आणि तिन्ही लिहा, असा तोडगा आम्ही काढला. मुले खूश होऊन गेली. आम्हाला मात्र तो फळा पुढे बरेच दिवस पुरला.

एका तारखेला दोन गोष्टी येणे आपल्याला नवे नाही. १५ ऑगस्टला आपण पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा करतो आणि लगेच झेंडावंदनाला उभे राहतो. १९४२ साली त्याच तारखेला गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच वारले, हे सहसा कोणाच्या लक्षात नसते. सण कितीतरी शतकांचा जुना आहे. स्वातंत्र्याची तारीख माउंटबॅटन यांनी धरली, ती जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षे होत होती म्हणून. म्हणजे एकाच तारखेवरच्या तीन गोष्टींना तीन वेगळी कारणे आहेत, आणि एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. तरी आपण त्या एका सकाळी मनात वागवतो.

ख्रिस्तसभेची दिनदर्शिका तर या बाबतीत आणखी वेगळी. ती वर्षभरात तीनच जन्मदिवस साजरे करते : प्रभू येशूचा, पवित्र मरियेचा आणि योहान बाप्तिस्त्याचा. मरियेच्या जन्माचा सण म्हणजे ८ सप्टेंबर, हरेगावच्या मतमाउलीची यात्रा. ते आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. बाकी संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या तारखेला येतो, आणि जुन्या परंपरेत त्या दिवसाला 'जन्मदिवस'च म्हणतात. वर्तमानपत्राच्या दिनविशेषात जन्म आणि निधन असे दोन रकाने असतात, इथे ते एक होऊन जातात.

पण म्हणून तारखेत काही शक्ती असते का? संत ऑगस्टीन तरुणपणी ज्योतिषाच्या नादी लागले होते. 'कबुलीजबाब' या ग्रंथात त्यांनी फर्मिनस नावाच्या मित्राची हकीकत दिली आहे. हा फर्मिनस सुखवस्तू घरात ज्या क्षणी जन्मला, त्याच क्षणी एका दासीलाही मूल झाले. ग्रह तेच, घटका तीच. एक मानाने वाढला, दुसरा दासच राहिला. एवढ्यावरून ऑगस्टीन यांचा पत्रिकेवरचा विश्वास उडाला. (लग्नाची तारीख घ्यायला आमच्याकडे येताना खिशात आधीच 'चांगल्या' तारखांची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या घरांनी फर्मिनसची गोष्ट एकदा जरूर ऐकावी.)

आता आपल्या नगरकडे येऊ. २०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. आम्ही १९४२ ची गोष्ट सांगतो आहोत, म्हणून जुने नाव येईल.

८ ऑगस्टच्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. उजाडण्यापूर्वीच धरपकड सुरू झाली. खास गाडी निघाली. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि काँग्रेसच्या कार्यकारिणीला त्याच दिवशी अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, शंकरराव देव, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद आणि हरेकृष्ण महताब असे बारा जण होते. असफ अली गाडीत बसून नगरकडे येत होते, तेव्हा त्यांची पत्नी अरुणा हिने गवालिया टँकवर तिरंगा फडकवला. पतीची अटक आणि पत्नीचे झेंडावंदन एकाच सकाळचे.

आत कैद्यांना सुरुवातीला वर्तमानपत्रही मिळत नव्हते. नेहरूंनी किल्ल्याच्या मातीत बाग फुलवली आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. ते पुस्तक त्यांनी सहकैद्यांना अर्पण केले आणि अर्पणपत्रिकेतच कैदेच्या दोन तारखा घातल्या : ९ ऑगस्ट १९४२ आणि २८ मार्च १९४५. मौलाना आझाद एका मित्राला पत्रे लिहीत राहिले. पाठवण्याची सोय नव्हती. ती पत्रे १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने पुस्तकातच निघाली. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी कोलकात्यात वारल्या. आजारीपणातही भेटता आले नाही, आणि सरकारकडे विनंती करायला मौलाना तयार नव्हते.

इथे एक कबुली देऊन टाकतो. हा लेख जमवताना आम्हाला वाटले होते की १८०३ साली वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, तोही याच तारखेला बसावा. पाहिले तर ८ ऑगस्टला पेठ पडली आणि १२ ला किल्ला. तारखा गोळा करणाऱ्याला असा मोह फार होतो. दोन दिवस इकडे-तिकडे सरकवले तर कोणाला कळणार? आम्ही सरकवले नाहीत, पण हात शिवशिवला.

९ ऑगस्ट १९४२ हा रविवार होता. त्याच्या आधीचे दोन रविवारही लक्षात ठेवायला हवेत, कारण युरोपात त्यांची एक साखळी झाली होती.

पहिला रविवार, २६ जुलै. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होते आणि ज्यूंना गाड्यांत भरून पूर्वेकडे पाठवले जात होते. तेथील महागुरूस्वामींनी या अत्याचाराविरुद्ध एक पत्र काढले आणि त्या दिवशी ते देशभरच्या कॅथॉलिक चर्चेसमध्ये मिस्सेच्या वेळी वाचले गेले. चर्चनी मिळून जर्मन अधिकाऱ्याला पाठवलेली निषेधाची तारही त्यात घातलेली होती. ती तार जाहीर वाचू नये, असा दबाव आला होता. प्रोटेस्टंट बंधूंच्या मोठ्या मंडळीने ती वगळली, कॅथॉलिकांनी वाचली.

दुसरा रविवार, २ ऑगस्ट. सूड म्हणून कॅथॉलिक झालेल्या ज्यूंची धरपकड झाली. दोनशेहून अधिक माणसे धरली. एख्त गावच्या कार्मेल मठातून दोन सख्ख्या बहिणींना नेले. धाकटी एडिथ, मठातले नाव सिस्टर तेरेसा बेनेडिक्टा. थोरली रोझा, जी मठाचे दार सांभाळत असे.

तिसरा रविवार, ९ ऑगस्ट. गाडी आउश्विट्झला पोचली आणि दोघींना विषारी वायूने मारण्यात आले.

एडिथ १८९१ मध्ये ब्रेस्लाऊ शहरात एका श्रद्धाळू ज्यू घरात जन्मली, अकरा भावंडांत सर्वांत धाकटी. तत्त्ववेत्ते हुसेर्ल यांच्या हाताखाली तिने १९१६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. सेमिनरीत हुसेर्लची पुस्तके आम्हाला डोंगरासारखी वाटत. त्यांची ही विद्यार्थिनी पुढे संत होणार आहे, असे कोणी आधी सांगितले असते तर थोड्या अधिक प्रेमाने वाचली असती. तिच्या प्रबंधाचा प्रश्न अगदी घरगुती आहे : दुसऱ्याचे दुःख माझे नसते, मग ते मला कळते कसे? शेजारणीचा मुलगा गेला. तिच्या छातीत जे होते ते माझ्या छातीत होत नाही, तरी तिच्याकडे पाहताच मला ते कळते. आणि कळते ते 'तिचे' म्हणून कळते, माझे म्हणून नव्हे. १९२२ च्या १ जानेवारीला एडिथचा बाप्तिस्मा झाला, १९३३ मध्ये ती मठात गेली आणि १९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत घोषित केले.

किल्ल्यातल्या बारा जणांना हिची खबर नव्हती, आणि गाडीत कोंडलेल्या त्या बहिणींना नगर नावाचे गाव आहे हेही बहुधा ठाऊक नसावे. दोन्ही कैदा सारख्याच होत्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल. इथे चहा होता, पुस्तके होती, बाग होती आणि शेवटी सुटका होती. तिथे एकच दिवस होता.

आम्हाला या तीन रविवारांतला पहिला अधिक टोचतो. पत्र वाचले धर्मगुरूंनी आणि मेले दुसरेच. मग ते पत्र वाचायला नको होते का? प्रोटेस्टंट झालेल्या ज्यूंपैकी बरेच जण त्या वेळी मागे राहिले, हे खरे आहे. पण हॉलंडमधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले, हेही खरे आहे. गप्प राहून त्यांचे काही वाचले नाही. आमचे मत वाचायला हवे होते असेच आहे. तरीही वेदीजवळ एखादे अवघड पत्र हातात घेऊन उभे राहताना, समोरच्या बाकावरच्या कोणाच्या अंगावर हे येईल, असा विचार ज्याच्या मनात येत नाही, त्याने ते वाचू नये, असेही वाटते.

पुढच्याच वर्षी, १९४३ च्या ९ ऑगस्टला, ऑस्ट्रियातल्या सेंट राडेगुंड गावच्या फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्याचा बर्लिनजवळ ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात शिरच्छेद झाला. हिटलरच्या सैन्यात लढणार नाही, एवढाच त्याचा गुन्हा. घरी बायको आणि तीन लहान मुली. खुद्द महागुरूस्वामींनी त्याला समजावून पाहिले होते, तो ऐकला नाही. २००७ मध्ये त्याला धन्यवादित घोषित केले तेव्हा त्याची पत्नी फ्रान्झिस्का समोर बसलेली होती. त्याचा सण मात्र मृत्यूच्या तारखेला नाही, बाप्तिस्म्याच्या तारखेला आहे, २१ मे.

आणि १९४५. विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा हे शहर होते. तिथे धूर आणि ढग आडवे आले, म्हणून ते नागासाकीकडे वळले. ११ वाजून २ मिनिटांनी बाँब उराकामी या वस्तीवर फुटला. तो जपानमधल्या कॅथॉलिकांचा जुना मोहल्ला. पिढ्यान्‌पिढ्या लपूनछपून त्यांनी श्रद्धा टिकवली होती. कॅथेड्रलमध्ये १५ ऑगस्टच्या सणाच्या तयारीसाठी पापनिवेदन चालू होते. दोन धर्मगुरू आणि रांगेतली माणसे तिथेच संपली. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथॉलिकांपैकी ८,५०० गेले.

या नागासाकीवर आम्ही एकदा चुकलो. काही वर्षांपूर्वी ९ ऑगस्टच्या प्रवचनात, देवाने एडिथ आणि उराकामी यांना एकाच दिवसाच्या माळेत गुंफले, असे आम्ही मोठ्या उत्साहाने बोलून गेलो. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध प्रचारक काठी टेकत आले. म्हणाले, "फादर, तारीख देवानं धरली म्हणता. मग ढग पण त्यानंच धरले का? कोकुऱ्यातल्या लेकरांना वाचवून हिकडच्यांना मारलं का?" आम्ही म्हणालो, "बाबा, तसं नाही." "मंग कसं?" या प्रश्नाला आम्हाला उत्तर देता आले नाही.

घरी येऊन लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढला. शिलोहचा बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती म्हणून मेली का, या प्रश्नाला प्रभूने सरळ नकार दिला आहे. पडलेल्या बुरुजाचा हिशेब त्याने मेलेल्यांच्या नावावर मांडला नाही. मग ढगांचा हिशेब आम्ही का मांडावा? उराकामीचेच डॉक्टर ताकाशी नागाई यांनी नोव्हेंबर १९४५ मधल्या मृतांच्या मिस्सेत या मृत्यूंना होमबली म्हटले होते, आणि त्यावर जपानमध्ये पुढे वाद झाला. पण त्यांची स्वतःची पत्नी त्यात गेली होती. त्यांनी आपल्या दुःखाला दिलेला अर्थ हजारो मैलांवरून आम्ही उसना घेणे वेगळे. पुढच्या रविवारी आम्ही आमचे वाक्य मागे घेतले. बाबा मान हलवून हसले, एवढेच.

२०२५ च्या ९ ऑगस्टला, ऐंशी वर्षांनी, उराकामी कॅथेड्रलच्या दोन्ही घंटा ११ वाजून २ मिनिटांनी पुन्हा एकत्र वाजल्या. फुटलेल्या घंटेच्या जागची नवी घंटा अमेरिकेतल्या कॅथॉलिकांनी दिली.

फळ्याचे सांगायचे राहिले. आता मुले ९ ऑगस्टसाठी फळ्याचा खालचा अर्धा भाग राखून ठेवतात. मागे त्यांनी यादी दाखवायला आणली, तेव्हा त्यात एक नाव नव्हते. ते कोणत्याही दिनदर्शिकेत नसते, म्हणून मुलांना सापडलेही नसेल. रोझा स्टाईन, तीच आई, तीच गाडी, तोच दिवस. ती संत घोषित झालेली नाही. येत्या ९ ऑगस्टच्या मिस्सेत भाविकांच्या प्रार्थनेत आपण तिचे नाव घेणार आहोत. वाचणाऱ्याने ते आधी एकदा म्हणून पाहावे, अडखळू नये.