संपृक्त द्रावण व साका : ठिबकाने खते देणाऱ्या बागाइतदारांसाठी तीन प्रयोग

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड इत्यादी तालुक्यांत द्राक्षबागांना पाण्याबरोबरच विद्राव्य खतेही ठिबक संचातून देण्याची पद्धत रूढ आहे. या पद्धतीने खत थेट मुळांशी पोहोचते व पाण्याची बचत होते. परंतु ड्रीपरमधील पाण्याची वाट अतिशय अरुंद, जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते. तीत खताचा साका अडकला म्हणजे पंप चालू असूनही काही वेली उपाशी राहतात. आणि ही गोष्ट पुष्कळदा वेलीची वाढ खुंटल्यावरच ध्यानात येते. ऑक्टोबर छाटणीनंतर मणी पोसण्याच्या काळात असे घडल्यास नुकसान भरून काढणे कठीण जाते.

साका का बसतो, हे पुढील तीन प्रयोगांवरून स्पष्ट होईल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते शाळेत किंवा बागेच्या बांधावर शेतकऱ्यांसमक्ष करून दाखवावेत. काचेचे चार पेले, लहान तराजू, जाडे मीठ व नेहमीच्या वापरातील खते एवढे साहित्य पुरते.

प्रयोग पहिला : पेल्यात १०० मिलिलिटर स्वच्छ पाणी घेऊन त्यात थोडे थोडे मीठ टाकीत ढवळत जावे. सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळल्यावर पुढे टाकलेले मीठ कितीही ढवळले तरी तळाशीच राहते. अशा द्रावणास संपृक्त द्रावण म्हणतात. आता वरचे निवळ पाणी बशीत ओतून उन्हात ठेवावे. पाणी आटू लागताच मिठाचे चौकोनी खडे दिसू लागतात. कोकणातील मिठागरांत हेच घडते. आणि पाणी बंद केल्यावर ड्रीपरच्या तोंडाशी पांढरे कडे धरते, तेही याच कारणाने. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो.

प्रयोग दुसरा : १०० मिलिलिटर कोमट पाण्यात ४५ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:०:४५ हे खत, पूर्ण विरघळवावे. नंतर पेला बर्फाच्या पाण्यात ठेवावा. थोड्याच वेळात तळाशी सुईसारखे स्फटिक जमू लागतात. २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात हे खत सुमारे ३२ ग्रॅम विरघळते, तर १० अंशांना केवळ २१ ग्रॅमच्या आसपास. मिठाच्या बाबतीत थंडीने असा फरक जवळजवळ पडत नाही. यावरून प्रत्येक क्षाराची मर्यादा निराळी असते, हे लक्षात येईल. निफाड भागात काही वर्षी हिवाळ्यात पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. दुपारी टाकीत दाट कालवून ठेवलेले खत अशा वेळी पहाटेपर्यंत तळाशी बसलेले आढळते. शिवाय हे खत विरघळताना पाणी स्वतःच थंड होते, ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

प्रयोग तिसरा : हा सर्वांत महत्त्वाचा होय. एका पेल्यात १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट व दुसऱ्यात तितक्याच पाण्यात १० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवावे. दोन्ही द्रावणे निवळ असतात व दोन्ही संपृक्ततेपासून दूर असतात. तरीही ती एकत्र करताच पाणी दुधाळ होऊ लागते व हळूहळू तळाशी पांढरा साका बसतो. कॅल्शियम व सल्फेट यांच्या संयोगाने झालेला हा जिप्सम होय. एक लिटर पाण्यात तो दोन-अडीच ग्रॅमच्या आसपासच विरघळतो. म्हणून या प्रयोगात सुमारे ६ ग्रॅम साका मिळतो. पोटॅशियम सल्फेट (०:०:५०) कॅल्शियम नायट्रेटमध्ये मिसळले तरीही जिप्समच बसतो. १२:६१:० सारखे स्फुरदयुक्त खत मिसळल्यास कॅल्शियम फॉस्फेटचा साका होतो. खत बाजारातून शंभर टक्के विद्राव्य म्हणून आणलेले असते, हे खरे. पण ती विद्राव्यता एकेकट्या खताची असते, दोहोंच्या मिश्रणाची नव्हे.

साका सर्वत्र अपायकारकच असतो असे नाही. द्राक्ष बागाइतदारांच्या परिचयाचे बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद व चुना यांच्या संयोगाने झालेला निळा साकाच होय. केवड्यापासून संरक्षणासाठी तो पानावर चिकटून राहावा, हाच तेथे हेतू असतो. पानावर जो उपकारक, तोच नळीत अपकारक ठरतो.

ड्रीपरमधील पांढरा थर ओळखण्यासाठी त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आल्यास तो विहिरीच्या जड पाण्यातील चुनखडीचा थर समजावा. तो तज्ज्ञांच्या सल्ल्याने केलेल्या आम्लप्रक्रियेने निघतो. आम्ल वापरताना ते नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. जिप्समचा थर मात्र आम्लाने सहजी विरघळत नाही व बहुधा ड्रीपरच बदलावे लागतात. म्हणून तो होऊ न देणे हाच खरा उपाय होय.

त्यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. कॅल्शियम नायट्रेट हे सल्फेट किंवा फॉस्फेटयुक्त खतांबरोबर एका टाकीत कधीही कालवू नये. ते वेगळ्या दिवशी, निदान मध्ये स्वच्छ पाणी सोडून द्यावे.

२. खताचे द्रावण संपृक्ततेच्या निम्म्याहून दाट करू नये. थंडीत ते आणखी पातळ ठेवावे व लागेल तेव्हाच तयार करावे.

३. खत सोडून झाल्यावर काही वेळ निव्वळ पाणी चालू ठेवावे. फिल्टर नियमित धुवावा व नळ्यांची शेवटची टोके अधूनमधून उघडून त्या वाहत्या पाण्याने साफ कराव्यात.

४. नवे मिश्रण करण्यापूर्वी खते टाकीतल्याच प्रमाणात व आपल्याच विहिरीच्या पाण्यात, काचेच्या पेल्यात कालवून पाहावीत. दोन तासांनंतरही पाणी निवळ राहिले तरच ते मिश्रण टाकीत करावे.

पेल्यात बसलेला साका ओतून टाकता येतो. एकरभर बागेच्या नळ्यांत बसलेला साका काढण्यास हंगाम पुरत नाही. दोन तासांची ही परीक्षा प्रत्येक बागाइतदाराने अवश्य करावी.