राहिलेले विषय आणि उरलेली मुदत

वडीगोद्रीसारख्या गावातला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी वायडी होऊन, म्हणजे विषय राहिल्याने पुढच्या वर्षाचा प्रवेश अडून, घरी परतला की घरात पहिली काळजी पडते ती लोक काय म्हणतील याची. मुलगा असेल तर त्याला शेतीत किंवा महामार्गावरच्या एखाद्या दुकानात गुंतवतात, मुलगी असेल तर स्थळे पाहायला लागतात. अशी एक-दोन वर्षे सहज निघून जातात. राहिलेले विषय पुन्हा देता येतात, ही वर्षे मात्र परत मिळत नाहीत, कारण पदवीला मुदत असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूळ कालावधीपेक्षा दोन वर्षे जास्त मिळतात, अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक. म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा, फार तर सात. प्रत्येक विद्यापीठाचा नियम थोडा वेगळा असू शकतो. म्हणून पहिले काम महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जाण्याचे. तिथे तीन गोष्टी लेखी मागा: कोणते विषय राहिले, मुदत कधी संपते, आणि अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलला असेल तर जुन्या विषयाऐवजी कोणता पेपर द्यायचा. मराठवाड्यातली अनेक महाविद्यालये अलीकडे लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडली गेली आहेत, त्यामुळे तुमची नोंदणी कोणत्या विद्यापीठात आहे तेही तपासा. शिष्यवृत्ती किंवा शुल्कसवलत पुढे चालू राहील असे गृहीत धरू नका.

यादी हातात आली की सगळे विषय एकदम अंगावर घेऊ नका. पुढच्या वर्षाचा प्रवेश ज्यांनी अडवला आहे, ते आधी. बहुतेकांचे घोडे गणितात अडते. तिथे एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, गाइड पाठ करून उपयोग नसतो, बारावीचे कलन पुन्हा पक्के करावे लागते. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा. थोड्या गुणांनी राहिला असाल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, चूक कुठे होते ते दिसेल.

मुदत संपली असेल, तर 'घरबसल्या इंजिनिअरिंगची डिग्री' देणाऱ्यांपासून दूर राहा. पत्राद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये कडक निकाल दिला आहे. महाविद्यालयात न जाता एएमआयई ही परीक्षा देण्याचा जुना सल्लाही आता लागू नाही: ३१ मे २०१३ नंतर नोंदणी केलेल्यांना त्यातून पदवीची समकक्षता मिळत नाही. खरे मार्ग वेगळे आहेत. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून दुसऱ्या शाखेची पदवी घेता येते, आणि पदवीची अट असलेल्या स्पर्धा परीक्षांचे दार उघडते.

पालकांनो, भावकीतल्या कुणाच्या पोराशी तुलना करून अभ्यास होत नाही. तुमचा मुलगा का मागे राहिला, हे शांतपणे विचारा. भाषा अडली का, खोलीभाडे परवडेना का, की ही शाखाच त्याच्या मनात नव्हती? मन नसेल तर शाखा बदलण्यात कमीपणा नाही. तो जेवत नसेल, झोपत नसेल, कुणाशी बोलत नसेल, तर विषयांची यादी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे न्या.

पुढे नोकरीच्या मुलाखतीत शिक्षणातल्या गॅपबद्दल विचारतीलच. कारण सरळ सांगावे, आणि त्यानंतर काय केले तेही सांगावे. सांगण्यासारखे काही हवे असेल तर पुढच्या सत्राच्या परीक्षा अर्जाची तारीख चुकवू नका.